मत्स्यपेटीत नवा मासा सोडताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या मासिक सभेत लोणची, विमा, गुडघेदुखी असे उपयोगी विषय होतात. माझा विषय चिटणीसबाईंना सांगितला तेव्हा त्यांनी विचारले, "मासे म्हणजे कालवण की तळलेले?" दोन्ही नव्हे. मी पाळायच्या माशांविषयी बोलणार आहे, आणि तेही एवढ्याचपुरते की, आधीच नांदत्या पेटीत नवा मासा सोडायचा तो कसा. हा विषय मी मागून घेतला आहे. त्याचे कारण बोलण्याच्या ओघात येईलच.

आपल्या बालवाडीत 2022 साली काचेची मत्स्यपेटी आली हे सर्वांना ठाऊक आहे. तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे सव्वाशे लिटर मावते. तीत आठ निऑन टेट्रा, सहा गप्पी आणि तीन काळ्या मॉली होत्या. सकाळी रडत येणारे मूल त्या काचेपुढे उभे केले की दोन मिनिटांत गप्प होत असे. मला स्वतःला माशांचे वेड लहानपणापासूनचे. मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मी वडिलांचे बोट धरून पाहिले होते, आणि तेव्हापासून आपल्याला माशांतले कळते अशी माझी समजूत होती. ही समजूतच नडली.

2023 च्या ऑगस्टमध्ये सोमवारी बालवाडी पाहायला पाहुणे यायचे होते. पेटी अधिक शोभिवंत दिसावी म्हणून शनिवारी संध्याकाळी मी दोन एंजल मासे विकत आणले, प्लास्टिकची पिशवी फोडली आणि पाण्यासकट पेटीत ओतली. पाहुण्यांनी सोमवारी फार कौतुक केले. गुरुवारी एक चिमुरडी म्हणाली, "बाई, माशांवर साखर पडली." टेट्रांच्या अंगावर खरोखरच साखरेच्या कणांएवढे पांढरे ठिपके होते. मासे दगडांना अंग घासत होते. पुढच्या दहा दिवसांत एकोणीसपैकी पंधरा मासे गेले. मेलेले मासे मुले यायच्या आत काढायचे काम बालवाडीच्या मावशींकडे होते, आणि मुले रोज उरलेले मोजत होती.

आता चुका कोणत्या झाल्या ते सांगते.

पहिली चूक, जातच न पाहता मासा आणला. एंजल मासा दिसायला राजस, पण मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि निऑन टेट्रा बरोबर त्याच्या तोंडाच्या मापाचा. टायगर बार्ब गप्पींच्या शेपट्या कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, म्हणून तो या मंडळींत नकोच. दुकानदाराला "यांच्याबरोबर राहील का?" एवढेच विचारू नये, कारण तो हो म्हणणारच. मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि तो पकडून आणलेला आहे की पैदास केलेला, हेही विचारावे. लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब जगभर हौसेने पाळला जातो. तो आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांतला. या व्यापारापायी तो संकटात आलेल्या जातींत मोडतो. असो.

दुसरी चूक पिशवीची. पिशवीतले पाणी आणि पेटीतले पाणी दिसायला सारखे असले तरी सारखे नसते. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींची ऊब एक होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतले वाटीभर पाणी तीत घालावे, असे तीन-चारदा करावे. शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे, पेटीत कधीही नाही. मात्र मासा लांबच्या प्रवासाने आला असेल तर पिशवी उघडल्यावर रेंगाळू नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लयुक्त होते, आणि अशा पाण्यात माशाच्याच उत्सर्जनातला अमोनिया फारसा जहाल नसतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. घाई आणि आळस दोन्ही बाधतात ते असे.

तिसरी चूक सर्वांत मोठी. नवा मासा थेट पेटीत सोडायचाच नसतो. तो आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. दहा-पंधरा लिटरचा टब, हवेचा लहान पंप, मोठ्या पेटीत काही दिवस मुरवलेला स्पंजचा फिल्टर, आणि जाळी मात्र निराळी. आमच्या माशांना झालेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, तेव्हा औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. मोठा झाला की गळून तळाशी बसतो, कवच करतो, आणि त्या एकाचे शेकडो होऊन पोहत बाहेर पडतात. या पोहणाऱ्या पिलांना दोन-तीन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि औषध लागू पडते तेही याच वेळी. म्हणून ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवले, असे करून चालत नाही. उबदार पाण्यात हे चक्र आठवडाभरात फिरते, पावसाळी गारव्यात लांबते. टबात ठेवलेला मासा आजारी असेल तर तिथेच कळून येते, आणि सबंध पेटी वाचते.

टबातले दिवस भरले की संध्याकाळी पेटीचा दिवा मालवावा, जुन्या माशांना आधी खायला घालावे, दोन-चार दगड आणि झाडे इकडची तिकडे करावीत. मासे जागेवर हक्क सांगतात. मांडणी बदलली की जुन्यांनाही घर नवे होते आणि नव्याच्या वाटेला कोणी जात नाही. (समोर बसलेल्या सासवा आणि सुना एकदमच हसल्या, ते मी पाहिले. पुढे काही बोलत नाही.) एका वेळी थोडेच मासे घालावेत. पेटीतल्या वाळूत आणि फिल्टरमध्ये जे उपकारक जीवाणू असतात, तेच अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. एकदम दहा पाहुणे आले तर स्वयंपाक पुरत नाही, तसेच ते.

आता जे सांगण्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. मासे मेले त्याच आठवड्यात मावशींनी पेटीतले थोडे पाणी बदलले होते, तेही थेट नळाचे. त्यामुळे त्यांच्यावर ठपका आला. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांना बोलावून विचारले गेले, आणि मी तिथे बसले होते. तेव्हा मला खरे कारण ठाऊक नव्हते. दोन महिन्यांनी पुस्तके वाचली तेव्हा कळले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन बाधले असते तर मासे त्याच दिवशी तडफडले असते, आणि क्लोरीनने अंगावर ठिपके उठत नाहीत. परजीवी कोठून तरी यावा लागतो, आणि तो माझ्या पिशवीतून आला. हे कळल्यावरही मी गप्प राहिले. पुढच्या बैठकीत बोलू, मग त्याच्या पुढच्या, असे करता करता वर्ष उलटले. मावशींनी मला एका शब्दाने विचारले नाही. पेटीची काच पुसताना मात्र त्या मी आले की बाजूला होत.

त्या बैठकीच्या इतिवृत्तात "सेविकेच्या निष्काळजीपणामुळे" असे शब्द आहेत. ते दुरुस्त करून माझे नाव घालावे असा लेखी अर्ज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. मावशींना मी मागच्या सोमवारी घरी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि "मला माहीत होतं," एवढेच म्हणाल्या.

वाचलेल्या चारांत ते दोन्ही एंजल आहेत. त्यांच्याशी जुळतील असे तळाशी चरणारे सहा कोरिडोरास मासे आता आणले आहेत. मोरीशेजारच्या निळ्या टबात ते आहेत, आणि टब मावशींच्या ताब्यात आहे. आज अठरावा दिवस. मुले रोज विचारतात, म्हणून काल मीही विचारून पाहिले. मावशी म्हणाल्या, अजून दहा दिवस.