वाट अडवणारा कोण?



मलकापूर हे भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरचे गाव. गाडी सिग्नलपाशी थांबली म्हणून इंजिन बिघडले, असे येथे कोणी म्हणत नाही. पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी असेल, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. बँकेतला सर्व्हर अडला, की मात्र हा विवेक सुटतो. ‘बंद करून चालू करा!’ असा पुकारा होतो. त्या घाईविषयीच मला बोलावयाचे आहे.

डेटाबेस म्हणजे अनेकांनी एकाच वेळी लिहावयाची खातेवही. दोघांनी एकच ओळ एकदम बदलली तर हिशेब बुडेल. म्हणून आधी येईल त्याच्या हाती कुलूप. त्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत ते सुटत नाही.

समजा, व्यापाऱ्याच्या एका खात्यातून शंभर शेतकऱ्यांच्या कापसाचे चुकारे द्यावयाचे आहेत. एका कारकुनाने त्या खात्यात बदल केला आणि तो कायम न करताच चहाला उठला. मागची नव्व्याण्णव कामे तटली. दोष कोणाचा? ओरडतात ते नव्व्याण्णव. अडवणारा मात्र स्वस्थ बसलेला दिसतो!

म्हणून तपासाचा क्रम असा. काम राबते आहे की थांबले आहे, हे प्रथम पाहावे. प्रोसेसर सतत राबत असेल, तर ते काम जड आहे, अडलेले नव्हे. थांबले असेल, तर कोणासाठी, हे विचारावे. आणि तो कोणासाठी थांबला, असे रांगेच्या तोंडापर्यंत जावे. पोस्टग्रेस या डेटाबेसात २०१६ पासून, अमक्याची वाट कोणी अडवली, हे थेट विचारता येते.

दोघे परस्परांसाठी अडले, तर त्यास ‘डेडलॉक’ म्हणतात. पोस्टग्रेस साधारणतः एक सेकंद वाट पाहून असा फेरा शोधतो आणि एकाचे काम रद्द करतो. पण चहाला गेलेल्याचा फेरा होत नाही. तो माणसानेच शोधावा लागतो.

सर्व्हर बंद केला, तर सर्वांचीच अपुरी कामे पुसली जातात आणि पुरावाही जातो. उद्या तोच प्रसंग पुन्हा उभा! त्यापेक्षा व्यवहार आखूड ठेवा, खाती सर्वांनी एकाच क्रमाने घ्या, आणि कुलूप हाती असता कोणाच्या उत्तराची वाट पाहू नका.

थांबलेल्याला शिक्षा करण्यापूर्वी अडवणाऱ्याला शोधा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.