काउंटरवरचे पाच प्रश्न

(वसंत व्याख्यानमालेत मानपाडा, डोंबिवली (पूर्व) येथे दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'फार्मासिस्टचे निरंतर शिक्षण'. असला विषय वाचूनही तुम्ही एवढ्या संख्येने आलात, याचं श्रेय मी बाहेरच्या उकाड्याला आणि इथल्या पंख्यांना देतो. संयोजकांनी फोनवर 'मानपाड्याला या' एवढंच सांगितलं होतं. आपल्या जिल्ह्यात नुसतं मानपाडा म्हटलं की माणूस घोडबंदर रस्त्यावर टिकुजिनीवाडीपाशीही उतरू शकतो आणि इथे कल्याण-शीळ रस्त्यावरही. मी विचारून घेतलं, म्हणून वेळेवर पोचलो.

औषधाच्या दुकानात हेच होतं, फक्त तिथे चुकलेली रिक्षा परत वळवता येत नाही. तापासाठी लहान मुलांना देतात ते पॅरासिटामॉल घ्या. नाव एक, पण बाटल्या निदान तीन तऱ्हेच्या. एका सिरपमध्ये पाच मिलीत १२० मिलिग्रॅम औषध, दुसऱ्यात तेवढ्याच पाच मिलीत २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांमध्ये एका मिलीतच १००. दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतलं सव्वासहा मिली, दुसऱ्यातलं तीन मिली आणि थेंबांचं फक्त दीड मिली. आता आईच्या डोक्यात मोठ्या मुलाच्या वेळचं 'सव्वासहा' पक्कं बसलंय, आणि या वेळी हातात थेंबांची बाटली आली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. त्यात मोजायला घरातला चमचा. आपल्याकडे चहाचा, पोह्यांचा आणि श्रीखंडाचा चमचा वेगळा असतो, आणि यातला कुठलाही नेमका पाच मिलीचा नसतो.

रात्री दहा वाजता बाळ फणफणलेलं असताना हे त्या आईला सांगणार कोण? दवाखाना बंद झालेला असतो. उघडं असतं ते 'मेडिकल'. माझं आजचं सगळं म्हणणं त्या वेळी काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे: त्याला काय येतं, ते त्याने शेवटचं कधी तपासून घेतलं, आणि तो तोंड उघडतो का.

कायदा काय म्हणतो ते आधी उरकतो. आपल्याकडे फार्मसीचा कायदा १९४८चा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, असं तो सांगतो. त्याआधी कंपाउंडरचं राज्य होतं. तुमच्यातल्या ज्येष्ठांना ती लाल मिक्श्चरची बाटली आठवत असेल, मात्रा दाखवायला कडेला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली. तो कंपाउंडर फार शिकलेला नसे, पण 'हलवून घ्या, जेवणानंतर घ्या' एवढं तरी प्रत्येकाला सांगे. २०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने व्यवसायाचे नियम आणले. औषध कसं घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, कुठे ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, त्रास कोणता होऊ शकतो, हे रुग्णाला समजावून सांगणं हा त्या नियमांनी कामाचाच भाग ठरवला. आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निदान दोन उजळणी वर्ग, प्रत्येकी किमान एका दिवसाचे.

पाच वर्षांत दोन दिवस! अनेकांना तेवढेही जड जातात. मी अशा वर्गांत शिकवायलाही गेलोय आणि मागच्या रांगेत शिकायलाही बसलोय. चांगले वर्ग असतात, नाही असं नाही. पण पुष्कळांचं लक्ष दुपारनंतर प्रमाणपत्राकडे लागलेलं असतं, आणि वक्ताही पदवीच्या वर्गात शिकवतो तसा औषधांच्या रचनेत रमतो. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारं गिऱ्हाईक त्या सभागृहात कुठेच नसतं.

खरं तर शिकण्यासारखं किती साठलंय पाहा. पदविकेचा अभ्यासक्रम १९९१च्या नियमांवर बेतलेला होता, तो २०२०चे नवे नियम येईपर्यंत चालला. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांच्या हातात आज दुकानं आहेत. २०१४च्या मार्चपासून ४६ औषधांसाठी शेड्यूल एच-वन लागू झालं. औषध कुणी लिहून दिलं, कुणाला दिलं, किती दिलं याची नोंद वहीत करून ती तीन वर्षं जपायची. २०१८मध्ये स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीचं बंधन आलं. डिसेंबर २०२३मध्ये सर्दीच्या एका अतिशय खपाच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२५मध्ये तर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. छिंदवाड्याच्या बाजूला खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मुलं दगावल्याचं उघड झालं. त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार झाले होते. हे विष महाराष्ट्राला नवं नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून त्यानेच चौदा जीव घेतले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. सिरपमध्ये विष आहे हे कुठल्याही फार्मासिस्टला बाटलीकडे बघून कळणार नाही, ते काम प्रयोगशाळेचं. पण दीड वर्षाच्या मुलाला साध्या सर्दीसाठी ते सिरप हवंच कशाला, हा प्रश्न काउंटरवर विचारता येतो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा तेच सांगितलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका.

दुसरी गोष्ट ओआरएसची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं ओरडून सांगत होत्या की ओआरएस नावाने विकली जाणारी गोड पेयं जुलाबाच्या मुलाला अपाय करतात. अखेर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या वेष्टनावर ते नाव वापरायला मनाई केली. खऱ्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात साखर, म्हणजे ग्लुकोज, फक्त साडेतेरा ग्रॅम असते. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रुग्ण तोंडावाटे साखर-मिठाचं पाणी देऊन वाचवले. ताकद आहे ती त्या प्रमाणात. आणि आपण काय करतो? लिटरभर पाण्याचं पाकीट एका पेल्यात ढवळतो, नाहीतर 'आज अर्धं, उद्या अर्धं' करून पाकिटाला रबर लावून ठेवतो. पाकीट देताना 'एक लिटर पाण्यात सगळं एकदम, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या' हे सांगायला दहा सेकंद लागतात. या उन्हात हे वाक्य रोज वीस वेळा म्हणावं लागेल, आणि म्हणावं.

आता शीर्षकातल्या पाच प्रश्नांकडे येतो. ते माझे नव्हेत. ब्रिटनमधल्या औषधदुकानांत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. औषध कुणासाठी? होतंय काय? किती दिवस? आतापर्यंत काय घेऊन झालं? आणि दुसरं कोणतं औषध चालू आहे?

ऐकायला पोरकट वाटतात. आपल्या काउंटरवर लावून बघा. घामाघूम झालेला पन्नाशीचा माणूस पहाटे येऊन म्हणतो, 'गॅसची गोळी द्या.' 'कुणासाठी' विचारलं की 'मलाच' म्हणतो, 'काय होतंय' विचारलं की हात छातीवर जातो आणि जबड्याकडे सरकतो. त्याला गोळी विकायची नसते, बसवायचं असतं आणि १०८ला फोन करायचा असतो. कुणी खोकल्याचं औषध मागतं. 'किती दिवस?' 'झाले असतील तीन आठवडे.' दोन आठवड्यांपुढे खोकला गेला की क्षयाची तपासणी हवी, हे प्रत्येक फार्मासिस्टला झोपेतही आठवलं पाहिजे. तिसरा मांडीवरचं गजकर्ण घेऊन येतो. आपल्या दमट हवेत त्याला तोटा नाही, आणि पाऊस सुरू झाला की रांगच लागते. 'काय लावलं?' तर शेजाऱ्याने दिलेलं तीन औषधांचं मलम, ज्यात जोरदार स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरते, आणि मग साध्या मलमाला दाद देत नाही.

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड. 'दुसरं काही चालू आहे का?' याचं उत्तर मराठी माणूस हटकून 'काही नाही' असं देतो. बारा वर्षं चालू असलेली रक्तदाबाची गोळी त्याच्या लेखी औषध राहिलेली नसते, ती सकाळच्या चहासारखी झालेली असते. काढा, चूर्ण, गुडघ्यांसाठी मागवलेली पावडर यांचा तर हिशेबच नाही. म्हणून प्रश्न फिरवून विचारायला शिकावं लागतं: 'सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय घेता, सांगा बरं.' मग कळतं, आजोबा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, आणि आपण त्यांच्या हातात वेदनाशामक ठेवणार होतो. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकला असता.

या असल्या शिक्षणाचा नमुना पाहायला लांब जायला नको. पलीकडे उल्हासनगरच्या के. एम. कुंदनानी फार्मसी पॉलिटेक्निकमधल्या प्रा. मंजिरी घरत यांनी इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या माध्यमातून मुंबईच्या औषधविक्रेत्यांना क्षयरोगाच्या कामात ओढलं. लांबलेला खोकला ओळखा, सरकारी केंद्रावर पाठवा, आणि रुग्णाला सोयीचं असेल तर दुकानातच डॉट्सची गोळी समोर घ्यायला लावा. दुकानदारांना एक आजार नीट शिकवला, एक काम दिलं. मला हा मार्ग पटतो. दहा विषयांच्या एका दिवसापेक्षा एका विषयाचं चार महिने केलेलं काम अंगात मुरतं.

आता अडचणी. त्या लपवल्या तर तुमच्यातले केमिस्ट बंधू चहाच्या वेळी मला गाठतील. पहिली, फार्मासिस्ट दुकानात असतो का? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर मुलगा दुसराच, हे चित्र सगळ्यांनी पाहिलंय. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना यावर कारवाई झाली, विक्रेत्यांच्या संघटनेने बंद पुकारले. त्या संघटनेचं नेतृत्व तर आपल्या कल्याणच्या जगन्नाथ शिंदे यांच्याकडे. त्या भांडणात मी हजेरीच्या बाजूचा होतो आणि आहे. पण विक्रेत्यांचंही एक म्हणणं खरं आहे: सल्ल्याचे पैसे कुणी देत नाही. सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के मिळतात. त्यात भाडं, वीज, इन्शुलिनचा फ्रिज आणि पगार. वर समोरच्या दुकानावर 'सरसकट सूट'चा फलक. सूट देणारा माणूस बोलायला वेळ कुठून काढणार? आपण गिऱ्हाईक म्हणून सवलत मागतो तेव्हा बऱ्याचदा सल्लाच कापून घेत असतो.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४पासून घसादुखी, कानदुखी, किडा चावून झालेला संसर्ग अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः उपचार देतो आणि त्याचे पैसे सरकार देतं. ते आपल्याकडे उद्या होणार नाही. पण तिथली दुसरी पद्धत फुकट आहे. तिथल्या फार्मासिस्टला दर वर्षी काय शिकलो याच्या चार नोंदी लिहाव्या लागतात, एका सहव्यावसायिकाशी चर्चा करावी लागते आणि स्वतःच्या कामाबद्दल एक टिपण लिहावं लागतं.

मानपाडा रस्त्यावरच्या फार्मासिस्ट मंडळींना मी एवढंच सुचवतो. काउंटरखाली एक साधी वही ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तो प्रश्न लिहा, गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता. आपल्या राज्य फार्मसी कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला आहे, तिचं औषध माहिती केंद्र याच कामासाठी आहे, तिथे विचारा. महिन्यातून एकदा दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, चार-पाच दुकानांनी आपापली वही घेऊन बसा. पहिल्या बैठकीला विषय मी देतो: महिन्याभरात पाऊस येईल, साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टर लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन लिहून देतील. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, लगेच आडवं न होता, दुधाबरोबर नाही. गर्भवती आणि लहान मुलांना डॉक्टरांना पुन्हा विचारल्याशिवाय नाही. दुकानातल्या मदतनीस मुलांनाही बैठकीला बोलवा, कारण पुष्कळदा पुडी तेच बांधतात.

आणि बाकीच्या श्रोत्यांना एक विनंती. घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची यादी करा, काढ्या-चूर्णासकट, आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला मेडिकलमध्ये गेलात की 'इथले फार्मासिस्ट कोण?' असं विचारा, त्यांना ती यादी दाखवा, आणि मगच औषध घ्या.