नाव लागणे आणि ताबा असणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी गाणे व्हावे, फराळ व्हावा. तेथे राष्ट्रांच्या कायद्याचे पुराण मी का लावावे, असे आपल्याला वाटेल. परंतु त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आदी देशांनी पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा आपल्या वाचनवर्गात एका भगिनीने विचारले, "जे आहे त्याला मान्यता कशाला? आणि जे नाही त्याला मान्यता द्यायची तरी कशी?" मी काहीतरी उत्तर दिले, ते माझे मलाच पटले नाही. ते ऋण आज फेडायचे आहे.

दुसरेही एक ऋण आहे. अलिबागला शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बेने इस्रायल समाजातली. लग्नानंतर ती इस्रायलला गेली. अजून दिवाळीला तिचा फोन येतो, अजून मराठीतच बोलते. या विषयावर बोलणार म्हणून सांगितले, तर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बोल, पण नीट वाचून बोल. आणि माझंही घर इथंच आहे, हे विसरू नकोस."

म्हणून नीट वाचले. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख तुर्की साम्राज्यात होता. १९१७ साली ब्रिटिशांनी जेरुसलेम घेतले. त्याच वर्षी बाल्फोर यांनी ज्यूंच्या 'राष्ट्रीय गृहा'ला पाठिंबा जाहीर केला, आणि तेथील इतर लोकांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही, असेही लिहिले. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मुलूख ब्रिटनच्या हाती सोपवला, तो विश्वस्त म्हणून. अज्ञान मुलाची मिळकत पालक सांभाळतो; म्हणून काही ती पालकाची होत नाही. मग मालक कोण? अरब म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे आम्ही. ज्यू म्हणाले, आमच्या राष्ट्रीय गृहाचे वचन त्या विश्वस्तपत्रातच लिहिले आहे. वादाचे मूळ ते हे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. भारताने विरुद्ध मत दिले. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. फाळणी नको, संघराज्य करा, असे आपले म्हणणे होते. ज्यू नेत्यांनी ठराव मानला, अरबांनी नाकारला. मे १९४८ मध्ये इस्रायल जन्मास आले, युद्ध पेटले, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी परागंदा झाले. पश्चिम किनारा जॉर्डनने घेतला, गाझा इजिप्तच्या ताब्यात गेले. १९६७ मध्ये दोन्ही इस्रायलने जिंकले.

इस्रायलच्या बाजूचे कायदेपंडित विचारतात, जॉर्डनची मालकीच जगाने फारशी मानली नव्हती, तर आम्ही भूमी घेतली कोणाची? ती वादग्रस्त आहे, व्याप्त नव्हे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ साली हे मानले नाही. पूर्वीचा मालक कोण होता यावर नव्हे, तर युद्धात मुलूख कोणाच्या ताब्यात आला यावर जिनिव्हा कराराचे बंधन ठरते, असे त्याने सांगितले. जॉर्डननेही १९८८ मध्ये आपला दावा सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्जिअर्स येथे पॅलेस्टाईनचे राज्य घोषित झाले आणि भारताने लगोलग मान्यता दिली.

आता राज्य कशाला म्हणावे? १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात चार कसोट्या आहेत : कायम वस्ती, निश्चित भूमी, शासन, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. लोक आहेत, यात वाद नाही. सीमा ठरलेल्या नाहीत हा आक्षेप. पण १९४९ मध्ये इस्रायल संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले, तेव्हा त्याच्याही सीमा कोठे ठरल्या होत्या? खरी अडचण शासनाची. १९९५ च्या करारान्वये पश्चिम किनाऱ्याचा सुमारे साठ टक्के भाग इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणात राहिला. २००७ मध्ये गाझा हमासच्या हाती गेले. हात बांधलेल्या शासनाला शासन म्हणावे का, असे एक पक्ष विचारतो. दुसरा म्हणतो, ज्याने हात बांधले त्यानेच 'हिला काम येत नाही' म्हणावे, हा कोठला न्याय?

भगिनींनो, हे आपल्याला नवीन नाही. विधवा भगिनींची नावे सातबाऱ्यावर चढावीत म्हणून आपण तलाठ्याकडे किती खेटे घातले! हक्क तिला नोंदीने मिळत नाही, तो वारसाहक्कानेच असतो. पण नोंद नसली तर दारात तिला कोणी विचारीत नाही. मान्यतेबाबतही पंडितांचे असेच दोन पंथ आहेत : एक म्हणतो मान्यतेने राज्य घडते, दुसरा म्हणतो असलेले राज्य मान्यतेने केवळ उजेडात येते. माझ्या मैत्रिणींच्या खेट्यांनी मला शिकवले की दोन्हीत तथ्य आहे.

आज १९३ पैकी दीडशेहून अधिक देशांनी ही नोंद केली आहे. २०१२ मध्ये आमसभेने १३८ मतांनी पॅलेस्टाईनला निरीक्षक-राज्याचा दर्जा दिला. एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण सभासदत्वासाठी सुरक्षा समितीत बारा मते पडली, पण अमेरिकेच्या नकाराधिकाराने ठराव अडला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्य बेकायदा आहे, ते शक्य तितक्या लवकर संपावे. हे सल्लावजा मत. त्याची बजावणी करायला बेलीफ नाही. नोंद झाली, ताबा मिळाला नाही.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो, हजारो. त्या महिन्यात मैत्रिणीशी बोलताना मला शब्द सुचले नाहीत. आज तिला एवढेच सांगेन : बाई, तुझे घर मी विसरले नाही. तुझ्या राज्याची नोंद १९४९ चीच आहे, ती खोडा असे मी म्हणत नाही. पण शेजारणीचे नाव लागले म्हणून आपले पुसले जात नाही, हे मी या मंडळातच शिकले.

ती रागावेल कदाचित. तरीही दिवाळीला फोन करील, अशी मला आशा आहे.