मोडलेला कणा आणि समाजाचे देणे

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाशीम जिल्ह्याच्या मातीतला खेळ कुस्तीचा आणि कबड्डीचा. यात्रेतली दंगल, गणेशोत्सवातले कबड्डीचे सामने, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यापासून निर्धास्तपणे भरू लागलेले शंकरपट, ही येथल्या तरुणांची रंगभूमी होय. या रंगभूमीवर जो जिंकतो त्याचे नाव वेशीवरील फलकावर झळकते. जो मान मोडून घेतो त्याचे नाव चार-दोन महिने लोकांच्या तोंडी असते. पुढे तो एका खोलीतील खाटेवरचा प्रश्न होऊन राहतो, आणि तो प्रश्न सोडविण्याचे काम त्याच्या आईकडे जाते. आज विचार करावयाचा आहे तो या खाटेवरच्या प्रश्नाचा.

प्रथम शरीराची बाजू समजून घ्यावयास हवी, कारण खर्चाचे सारे गणित तेथून सुरू होते. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूला इजा झाली तर हात आणि पाय दोन्ही जातात. पाठीत खालच्या बाजूला झाली तर कमरेखालचे शरीर जाते. लोकांना दिसतात ते न हलणारे पाय. परंतु अशा माणसाच्या जिवावर उठतात त्या दोन न दिसणाऱ्या गोष्टी : त्वचा आणि मूत्राशय. संवेदना गेलेल्या कातडीवर एकाच जागी भार पडत राहिला की जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत पोचतात. म्हणून खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. लघवीची नळी स्वच्छ राहिली नाही तर जंतू मूत्रपिंडापर्यंत जातात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत, ते मुख्यतः या दोन कारणांनी.

हे चित्र पालटण्यात मोठा वाटा होता लुडविग गुटमान या डॉक्टरांचा. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडात आलेल्या या यहुदी निर्वासिताकडे १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाचा मज्जारज्जू विभाग सोपविण्यात आला. त्यांनी कूस बदलण्याची शिस्त लावली, रुग्णांना कामाला लावले आणि खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्च्यांवरील माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजचे पॅरालिंपिक त्या स्पर्धेतून वाढले. ही सुधारणा कुणा दानशूर गृहस्थाच्या देणगीवर उभी राहिली नव्हती. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाचे देणे सरकारने मान्य केले होते, म्हणून ती उभी राहू शकली.

महाराष्ट्रात याचे उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा हा मुष्टियोद्धा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरलेल्या या माणसाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर बावन्न वर्षांनी! त्यांच्या जीवनावरील चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हापासून ही कथा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. परंतु त्या जिद्दीखाली काय होते तेही पाहावयास नको काय? सैन्याचे रुग्णालय होते. सैनिक म्हणून असलेला हक्क होता. आणि पुढे पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी होती. उपचार, उत्पन्न आणि काम या तीन पायांवर ती जिद्द उभी होती. यात्रेतल्या कबड्डीत मान मोडलेल्या मुलात जिद्द कमी असते असे मानण्यास काहीच आधार नाही. त्याच्याजवळ हे तीन पाय नसतात.

त्याच्याजवळ काय असते? तो शाळेत असेल तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पण ती पहिली ते बारावीपर्यंत. म्हणजे ज्या वयात तो सर्वांत जोराने खेळू लागतो, नेमके त्याच वयात हे छत्र जाते. घरी सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये आहेत. तथापि भूमिहीन मजुराच्या मुलाकडे सातबारा कोठून येणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णालय त्याला घरी पाठविते आणि खरा खर्च त्या दिवशी सुरू होतो. त्या खर्चासाठी उरते संजय गांधी निराधार अनुदान, जे ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी दरमहा २,५०० रुपये झाले आहे. नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण पदकाकडे पाहते. मोडलेल्या कण्याकडे पाहत नाही.

राज्याने या प्रश्नाकडे अजिबात पाहिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. दहीहंडीच्या गोविंदांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये विधानसभेत घोषणा झाली : हा साहसी खेळ मानला जाईल, थरावरून पडून मृत्यू आल्यास १० लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक गेल्यास ५ लाख. पुढे शासनाच्या खर्चाने विम्याचीही सोय झाली आणि २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना विमा देण्याचे ठरले. खेळताना झालेली इजा हा खेळणाऱ्याचा खाजगी दैवदुर्विलास नव्हे, एवढे येथे प्रथमच मान्य झाले आहे. त्याचे स्वागतच करावयास हवे. पण मग प्रश्न उरतो की हा मान गोविंदाला का आणि मल्लाला का नाही? उत्तर सोपे आहे. मुंबई-ठाण्याच्या हंड्यांखाली पुढाऱ्यांचे फलक लागतात. वाशीमच्या आखाड्यात तेवढे मोठे फलक लागत नाहीत.

शिवाय एकरकमी मदतीचे गणितही तपासावे. साडेसात लाख रुपये म्हणजे दरमहा दहा हजार खर्च धरला तर ७५ महिने, म्हणजे सव्वासहा वर्षे. वीस वर्षांच्या मुलाचा कणा मोडला तर सव्वीस पूर्ण होताच पैसे संपतात. नीट शुश्रूषा मिळाली तर आयुष्य मात्र पुढे अनेक दशके चालते. आणि प्रत्यक्षात ती रक्कम सव्वासहा वर्षेही पुरत नाही, कारण त्यातून आधी सावकाराचे देणे फिटते आणि बहिणीचे लग्न होते. त्यात कुटुंबाचा दोष नाही. गरिबाच्या घरी एकदम आलेला पैसा आधीच्या साऱ्या खड्ड्यांत मुरतो, हा अर्थशास्त्रातला नव्हे तर प्रत्येक घरातला अनुभव आहे. म्हणून येथे गरज आहे ती आयुष्यभर चालणाऱ्या मासिक वेतनाची आणि वस्तुरूप सेवेची : चाकाची खुर्ची, तिची दुरुस्ती, नळ्या, गादी, मदतनीस.

मदतनिसाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. दर दोन तासांनी कूस बदलणारे हात कुणाचे असतात? आईचे, लग्न झालेले असेल तर बायकोचे. सोयाबीनच्या सोंगणीच्या हंगामात ती बाई मजुरीला जाऊ शकत नाही. म्हणजे त्या घरातील दोन मजुऱ्या बुडतात, एक मुलाची आणि एक आईची. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या शुश्रूषेची नोंद शून्य! खेळाचा आनंद साऱ्या गावाने घ्यावयाचा आणि त्याची किंमत एका बाईच्या झोपेतून वसूल करावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

याहून वेगळी व्यवस्था शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी रग्बीच्या देशांकडे वळावे लागते. रग्बी वाशीमला परका. पण त्यातली धडक, अंगावर झेप घेऊन पाडणे आणि दोन्ही बाजूंनी माना अडकवून रेटारेटी करणे हे पाहिले की कबड्डीच्या पकडीची ओळख पटते. माना तेथेही मोडतात. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस बर्गर हा खेळाडू १९८० मध्ये सामन्यातील इजेने मरण पावला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जखमी खेळाडूंसाठी निधी उभारला. तो आजही काम करतो. हे काम आदरास पात्र आहे. पण तो निधी आहे, देणाऱ्याच्या इच्छेवर चालणारा.

न्यूझीलंडने दुसरा मार्ग धरला. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये मांडले की अपघात कुणाच्या चुकीने झाला हे न विचारता समाजाने त्याचा भार उचलावा. १९७२ मध्ये कायदा झाला. त्यात कमावते लोक आणि वाहन अपघात एवढेच होते. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन गृहिणी, मुले, वृद्ध सारेच आत आले, आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. मालक, कमावते नागरिक आणि वाहनधारक यांच्याकडून आकार घेतला जातो, उरलेला वाटा सरकार देते. मैदानात मान मोडलेल्या खेळाडूला उपचार, घरात करावयाचे बदल, मदतनीस आणि कमावता असल्यास बुडालेल्या कमाईच्या ८० टक्के मिळतात. त्या बदल्यात नागरिकाने नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क सोडला आहे. योजनेत उणीव आहे ती कमाईच्या प्रमाणात देण्याची. जो कमावत नव्हता त्याला सेवा मिळते, साप्ताहिक रक्कम नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जेथे मजुराच्या कमाईचा कागदच नसतो, तेथे सर्वांना समान रक्कम हेच योग्य ठरेल.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की अशी हमी मिळाली तर पोरे बेफिकीर होतील. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याच्या खिशातून आयुष्यभर पैसे जाणार तो इजा टाळण्याच्या मागे लागतो. न्यूझीलंडमध्ये याच अपघात महामंडळाने रग्बी संघटनेबरोबर २००१ मध्ये प्रत्येक प्रशिक्षकाला आणि पंचाला सुरक्षेचे शिक्षण सक्तीचे केले. पूर्वीच्या वेगाने २००१ ते २००५ या काळात मज्जारज्जूच्या सुमारे १९ गंभीर इजा अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात ८ झाल्या. माना अडकवून होणाऱ्या रेट्यात ९ अपेक्षित असताना एकच झाली. आता आपल्या दहीहंडीकडे पाहा. लाखांचे बक्षीस लावणाऱ्याला पडलेल्या पोराचा एक रुपयाही भरावा लागत नाही, विम्याचा हप्ता सरकार भरते. मग थर वाढविण्यात त्याचे काय जाते? मुंबई इलाख्यातील गिरणीमालकही एकेकाळी असेच निश्चिंत होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर हात गेला तर त्याची किंमत मालकाच्या हिशेबवहीत घातली. खेळाडू कुणाचा नोकर नाही, हे खरे. परंतु त्याच्या अंगमेहनतीवर कुणीतरी तिकिटे, जाहिराती आणि मते मिळवितो. व्यावसायिक कबड्डीच्या २०२३ च्या लिलावात एका चढाईपटूवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. हे धन ज्या खाणीतून निघते ती खाण गावोगावच्या मातीच्या मैदानांचीच आहे.

तेव्हा मागणी अशी करावयास हवी की व्यावसायिक साखळ्यांचे लिलाव व प्रक्षेपणाचे हक्क, मोठ्या हंड्या, इनामी दंगली आणि पट या सर्वांवर बक्षिसाच्या व जाहिरातीच्या रकमेच्या प्रमाणात आकार बसवावा आणि त्यातून राज्याचा कायमस्वरूपी निधी उभा राहावा. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये याच राज्याने मंडळ आणि आकारणी यांची पद्धत निर्माण केली. रोजगार हमीसाठी नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसविला. असे काही येथे घडूच शकत नाही असे म्हणणाऱ्याने हे दोन कायदे वाचावेत. गावच्या यात्रा समितीकडे पैसा कोठे, असे विचारले जाईल. पाच हजारांच्या इनामावर आकार नाममात्रच राहील; भार पडावयाचा तो लाखांच्या इनामावर.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कार्यकर्त्यांना जिल्ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पडलेल्या खेळाडूला चौघे जण हातापायांना धरून उचलतात आणि जीपमध्ये कोंबतात, त्यात कित्येकदा उरलेला मज्जारज्जूही जातो. मान न हलविता सपाट फळीवर घेणे आणि १०८ ला फोन करणे एवढे प्रत्येक मंडळातील दोघांना शिकविता येईल. अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय येथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. वाशीमचे स्वतःचे २०२४ मध्ये सुरू झाले आहे. त्यात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी पुनर्वसनाचा कक्ष असावा, ही मागणी आताच, इमारती आणि पदे ठरत असतानाच, व्हावयास हवी. नंतर ती कुणी ऐकणार नाही.

दुसरे, ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावयाचे असतात. ग्रामसभेत ताळेबंद मागून हा पैसा कोठे गेला ते विचारावे. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या शेवटी थोडी थोडी रक्कम वाटून खाते बंद केले जाते. त्याऐवजी त्या पैशातून एका घराचा उंबरठा काढून उतार बांधला गेला आणि संडासाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद झाले, तर तो मुलगा खोलीबाहेर येतो. बाहेर आला की सेवा केंद्र चालविणे, हिशेब लिहिणे, मोबाइलची दुरुस्ती अशा कामांचा विचार करता येतो. पंच आणि प्रशिक्षक म्हणूनही त्याला बसविता येते. कबड्डी त्याला कळते, पाय गेले म्हणून ती विसरली जात नाही.

तिसरे काम यादीचे. खेळताना कायमचे जायबंदी झालेले किती जण या जिल्ह्यात खाटेवर आहेत, हे गावोगाव जाऊन नोंदवावे लागेल : नाव, वय, इजेचे वर्ष, दिव्यांग प्रमाणपत्र आहे की नाही, निराधार अनुदान चालू आहे की नाही, आणि शुश्रूषा कोण करते. शेवटचा रकाना गाळू नये. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांची ही यादी पूर्ण झाली की ती घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जाता येईल, आणि त्या वेळी खाटेवरच्या मुलाबरोबर त्याच्या आईलाही बोलू द्यावे.