रुपयाचा खरा भाव



६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलै १९९१ मध्ये रुपया पुन्हा उतरला, आणि आयातीची बंधनेही सैल होऊ लागली. पण बाजारातला भाव निराळा, खरा भाव निराळा.

समजा, देवळाली प्रवरा येथील कांदा परदेशी गेला. तिकडचा भाव तोच, डॉलरमागे रुपयेही तेवढेच. पण इकडे मजुरी आणि गाडीभाडे दीडपट झाले, तर हातात काय उरले? रुपया आतून महाग झाला, तो असा.

१९९४ साली पामोलिन तेलाची आयात खुली झाली. असा माल खुला झाला, जकात उतरली, की त्याचा खप वाढतो, डॉलरची मागणी वाढते आणि रुपया उतरू लागतो. बाहेर माल धाडणाऱ्याचा त्यात फायदा. तेलबिया पिकवणाऱ्याला मात्र झळ. उलट, पैसा खेळू लागला आणि सगळ्यांनीच घरे बांधायला काढली, तर गवंड्याची मजुरी चढते. तेल बोटीने आणता येते, गवंडी नाही! मग तो फायदाही विरतो.

तेव्हा डॉलरचा आकडा ऐकाल, त्या दिवशी शेजारी गावची मजुरीही मांडून पाहा. निर्यातीत पदरी काय पडणार, ते या दोहोंच्या मेळावर ठरते.