मुलीला सायकल दिली; रस्ता कोण देणार?

(पालकांच्या सभेत झालेल्या भाषणाची संहिता)



रविवारची सकाळ आहे. शाळेचे मैदान मोकळे आहे. महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिकेचे काम करणारी एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या सायकलची सीट मागून धरून धावते आहे. मुलगी मागे न पाहताच ओरडते, "आई, सोडू नकोस हं!" आईने हात केव्हाच काढून घेतलेला असतो. ही आई कोणी एक विशिष्ट बाई नव्हे. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, कोणत्याही गावी सुटीच्या दिवशी मैदानावर गेले तर ती भेटेल. कधी तिच्या जागी बाप असेल, कधी थोरला भाऊ. या दृश्यात आनंद आहे आणि त्याविषयी वेगळे भाषण करण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. हीच सायकल मैदानाच्या फाटकाबाहेर पडते तेव्हा काय होते?

सायकल शिकवणे ही फार मोठी विद्या नव्हे. पण तिलाही एक शास्त्र आहे. मागच्या पिढीने ताशी भाड्याने आणलेल्या मोठ्या माणसांच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत ही विद्या हस्तगत केली. आजची आई थोडे शहाणपणाने वागते. ती सीट इतकी खाली घेते की मुलीचे दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. पहिले काही दिवस ती पायडलेच काढून ठेवते. मुलगी पायांनी जमीन रेटत पुढे जाते आणि हळूहळू पाय उचलून धरू लागते. ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की सायकल सावरते. ही गोष्ट सांगून पटत नाही; ती अंगालाच कळावी लागते. एकदा ती कळली की पायडल मारणे चार दिवसांचे काम. मग ब्रेक. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळुवार दाबायचे. पुढचाच ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. इथपर्यंत मैदान पुरते.

त्यानंतर रस्त्याचे धडे सुरू होतात. सरळ रेषेत चालवत असताना मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि तरीही सायकल वाकडी होऊ द्यायची नाही. वळायचे असेल तर आधी मागे पाहायचे, मग हात दाखवायचा, मगच वळायचे. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना हातभर अंतर राखायचे. दार केव्हा उघडेल याचा नेम नाही. गटाराच्या जाळ्यांना आणि कडेच्या वाळूला इतके चिकटून जायचे नाही की चाक घसरावे. डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा मालमोटारीच्या डाव्या अंगाला कधीही शिरायचे नाही. लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतला कोपरा कापून जातात, आणि त्या कोपऱ्यातले मूल चालकाला दिसत नाही. पहिले काही महिने आई स्वतः दुसऱ्या सायकलवर मुलीच्या मागे, किंचित उजवीकडे राहून चालते, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला आधी तिला चुकवावे लागेल. शांतपणे पाहिले तर या शेवटच्या धड्याचा अर्थ भयंकर आहे. मुलीला शाळेपर्यंत सायकलने नेण्यासाठी आईला आपल्या देहाची भिंत करावी लागते.

आईने हे सारे उत्तम शिकवले, मुलगी हुशार आणि आज्ञाधारक निघाली, तरी ती सुरक्षित झाली काय? या प्रश्नाचे उत्तर स्टिना सँडेल्स या स्वीडिश संशोधक बाईंनी १९६०च्या दशकातच दिलेले आहे. लहान मुले रहदारीत कशी वागतात याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. आवाज कोणत्या दिशेने आला, येणारी मोटार किती वेगाने येते आहे, चिन्हाचा अर्थ काय, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष कसे द्यावे, हे लहान मुलाला मोठ्या माणसासारखे जमत नाही. हा दोष शिकवणीचा नाही, वयाचा आहे. शिकवलेले नियम मूल घडाघडा म्हणून दाखवते आणि पुढच्याच क्षणी चेंडूच्या मागे धावते. त्यांच्या अभ्यासाचे सार असे की, लहान मुलाला रहदारीच्या साच्यात पूर्णपणे बसवता येत नाही. रहदारीलाच मुलाच्या मापाचे व्हावे लागते.

हे सार ज्यांना पटते त्यांनी वेगाचा हिशेब करावा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटरने येणारी तीच मोटार पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जेने आदळते. ७० किलोमीटरने आली तर पाच पटींहून अधिक. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेने म्हणूनच असा आग्रह धरला की, जेथे पादचारी आणि सायकलस्वार मोटारींच्या सोबत वावरतात तेथे वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी. आणि आपल्याकडे? एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेत नगरपालिकांच्या हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि मोटारसायकलींसाठी ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरवण्यात आली होती. मुलीला डावीकडून चालायला शिकवणाऱ्या आईला हे आकडे कोणी विचारले नव्हते.

येथे समाजवाद्यांनी विचारायचा प्रश्न उभा राहतो. रस्ता कोणाचा? २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, २१ टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर होती आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी घरांत होती. त्यानंतर मोटारी आणि दुचाक्या खूप वाढल्या, हे उघड आहे. परंतु रस्त्यांची आखणी त्याच्याही आधीपासून त्या पाच टक्क्यांच्या सोयीने होत आली. रुंदीकरण झाले ते पदपथ कापून. उड्डाणपूल झाले ते मोटारींसाठी. त्यांच्या पायथ्याशी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचा आणि शाळकरी पोराचा विचार शेवटी झाला, किंवा झालाच नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तत्त्व तर चांगले सांगितले की, रस्त्याची जागा वाटताना वाहने नव्हे तर माणसे मोजावीत. तत्त्व कागदावर राहिले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, असे सरकारचीच आकडेवारी सांगते. त्यांतील फार मोठा भाग पायी चालणाऱ्यांचा आणि दोन चाकांवरच्या माणसांचा आहे. याला अपघात म्हणणे ही भाषेची दिशाभूल आहे. जे दर वर्षी, त्याच ठिकाणी, त्याच वर्गाच्या बाबतीत घडते, ती व्यवस्था असते.

पुण्याचेच उदाहरण घ्यावे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, कामगार, कारकून, प्राध्यापक आणि कॉलेजातल्या मुली जेथे एकाच वाहनावरून जात, त्या शहराच्या महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांच्या जाळ्याची कल्पना आहे. आराखडा वाईट नाही. परंतु जे मार्ग बांधले गेले ते कोठे विजेच्या खांबापाशी संपतात, कोठे बसथांब्यात शिरतात, कोठे त्यांवर गाड्या उभ्या असतात. आठ वर्षांची मुलगी घरापासून शाळेपर्यंत अखंड जाऊ शकेल काय, या एकाच कसोटीवर आराखड्याची परीक्षा व्हायला हवी. मधले पन्नास मीटर तुटलेले असतील तर उरलेले दोन किलोमीटर तिच्या उपयोगाचे नाहीत.

सायकल ही मुलींच्या बाबतीत केवळ खेळाची वस्तू नाही, हेही लक्षात घ्यावे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष असल्याचे दिसले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. सरकार सायकल देते, ही चांगलीच गोष्ट. पण सायकल देणारे सरकार त्याच मुलीच्या वाटेवरचा रस्ता चौपदरी करते आणि कडेला पायवाटेएवढीही जागा ठेवत नाही, तेव्हा एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. ज्या घरात मुलीला बाहेर न पाठवण्यासाठी निमित्तच हवे असते, त्या घराला ते निमित्त आयते मिळते.

"हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत," असा आक्षेप नेहमी घेतला जातो. नेदरलँड्सचे नाव काढले की, त्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असे सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारी वाढल्या, सायकली ढकलल्या गेल्या, मोटारींसाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चौदा वर्षांखालील मुले चारशेहून अधिक होती. त्यांतच एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती. ती सायकलवरून शाळेत निघाली होती. त्या पित्याने, व्हिक लांगेनहॉफ यांनी, सप्टेंबर १९७२ मध्ये आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. त्यांनी आपले दुःख सांगून विषय संपवला नाही; पालकांनी एकत्र येऊन दबावगट उभारावा, असे आवाहन केले.

पालक एकत्र आले. त्याच मथळ्याचे नाव घेऊन संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्टिए व्हान पुटेन पुढे मजूर पक्षाच्या वतीने युरोपीय संसदेत गेल्या. मुले रस्त्यावर बसली, आयांनी सायकलींचे मोर्चे काढले, धोक्याचे चौक अडवले. १९७३च्या तेलसंकटात मजूर पक्षाचे पंतप्रधान योप डेन आउल यांच्या सरकारने मोटारबंदीचे रविवार जाहीर केले, आणि मोटारीविना शहर कसे दिसते हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १९७६ मध्ये, जेथे मोटारीने माणसाच्या चालीने जावे आणि मुलांना रस्त्यावर खेळता यावे अशा वस्तीतल्या गल्ल्यांना त्या देशाने कायद्याचे अधिष्ठान दिले. पुढे कायदा आणि न्यायालये यांनी मिळून आणखी एक गोष्ट प्रस्थापित केली. मोटारीची धडक चौदा वर्षांखालील पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला बसली, तर मुलाच्या चुकीचा दाखला देऊन भरपाई कमी करता येत नाही. यंत्र ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची. २०१० पर्यंत तेथे रस्त्यावर दर वर्षी मरणाऱ्या मुलांची संख्या वीसच्याही खाली आली. तेथील मुले आजही अकरा-बारा वर्षांची झाली की शाळेतून रहदारीची परीक्षा देतात; पण परीक्षेच्या आधी समाजाने रस्ता नीट केलेला असतो.

यातून घ्यायचा धडा तंत्राचा नाही, राजकारणाचा आहे. तेथेही "पालकांनी मुले सांभाळावीत" असे सांगणारे होते. आपल्याकडे तर हे वाक्य पोलीस चौकीपासून मंत्रालयापर्यंत ऐकू येते. मूल दगावले की आईबापांच्या निष्काळजीपणाची चर्चा होते. त्या चर्चेच्या धाकाने ज्यांना परवडते ते पालक मुलांना मोटारीतून शाळेत सोडतात, शाळेच्या दारात मोटारींची गर्दी होते आणि ज्याला मोटार परवडत नाही त्याच्या मुलाचा धोका आणखी वाढतो. प्रत्येकाने आपापले मूल वाचवायचे ठरवले की सर्वांची मुले धोक्यात येतात. खासगी उपायांनी सार्वजनिक प्रश्न सुटत नाही, हे समाजवादाचे जुने सूत्र येथे शब्दशः खरे ठरते.

मग काय करायचे? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश पालक असावेत, अशी तरतूद केली आहे. या समित्यांनी एका सकाळी मुलांबरोबर शाळेच्या वाटा चालून पाहाव्यात, धोक्याच्या जागा नकाशावर मांडाव्यात आणि तो नकाशा घेऊन नगरसेवकाकडे जावे. मागण्या साध्या असाव्यात. शाळेच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, आणि ती पाळायला लावणारे नीट बांधलेले गतिरोधक. ओलांडण्याच्या जागी पदपथाच्या उंचीचा पट्टा. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी दारासमोरच्या रस्त्यावर मोटारींना मज्जाव. तुटलेले सायकलमार्ग जोडणे. यांतल्या कोणत्याही कामाला उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. कार्यकर्त्यांनीही हा प्रश्न किरकोळ समजू नये. भाकरी, घर, काम यांच्या लढ्यात रस्त्याची जागाही आली पाहिजे, कारण भाकरीकडे जाणारी वाट त्याच रस्त्यावरून जाते.

मैदानावरची ती मुलगी आता सरळ रेषेत चालवते आहे. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत एकटी जायचे म्हणेल, आणि तिचे म्हणणे योग्य असेल. आईने तिला तोल दिला, ब्रेक दिला, मागे वळून पाहण्याची सवय दिली. आईच्या हातात होते तेवढे तिने दिले. सीटवरचा हात एक दिवस काढावाच लागतो. मूल वाढण्याची ती अटच आहे. तो हात सुटतो तेव्हा दुसरा हात तेथे असायला हवा, आणि तो समाजाचा असायला हवा. मुलगी "सोडू नकोस" म्हणते ते आईला उद्देशून. पण ते ऐकायचे आहे आपण सर्वांनी.