केळी, श्रीखंड आणि गॅसचं सिलिंडर

(बमरोली येथे मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही दोघे भाऊ काही वक्ते नाही. उधना, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात फ्रीज, डीप फ्रीझर आणि कोल्ड रूम दुरुस्त करणं हा आमचा धंदा. कार्यकारिणीने 'पर्यावरण' असा विषय दिला, तेव्हा आम्ही म्हटलं, झाडांवर बोलणारे पुष्कळ मिळतील, आम्ही आपले थंडीवर बोलू.

तीन वर्षांपूर्वीचा महाप्रसाद अनेकांच्या लक्षात असेल. श्रीखंड आंबलं होतं. वहिनींनी आदल्या रात्री जागून केलेलं सगळं पातेलं टाकून द्यावं लागलं. तेव्हा सगळे म्हणाले, लाइट गेली म्हणून झालं. आज बाप्पासमोर खरं सांगतो. फ्रीझर आम्हीच तपासून दिला होता. त्यातला गॅस कमी झाला होता आणि घाईत आम्ही गळती न शोधता वरून गॅस भरला. दोन दिवसांत तो निघून गेला. वरून सामान कोमट ठेवलेलं आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी झाकण उघडून बघतंय! श्रीखंड गेलं ते गेलंच, पण गॅसही गेला, आणि त्याचा हिशेब आम्ही बरेच दिवस केलाच नव्हता.

तो हिशेब असा. कोल्ड रूममध्ये आणि भाजीपाल्याच्या थंड गाड्यांमध्ये आर-४०४ए नावाचा गॅस सर्रास असतो. तो १ किलो हवेत सुटला, तर सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे जवळजवळ १,४०० लिटर डिझेल जाळल्यासारखं. जुन्या आर-२२ चा आकडा याच्या निम्म्याहून थोडा कमी, पण तो ओझोनलाही खातो. आमच्या धंद्यात जुना गॅस काढायचा म्हणजे नळी सैल करायची आणि 'फुस्स' होऊ द्यायचं, असंच आम्हाला उस्तादांनी शिकवलं होतं. वीस वर्षांत किती किलो सोडला, ते मोजायला आता आम्हालाच भीती वाटते.

मग थंडीच नको का? तसं म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात रावेरला जाऊन यावं. आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुळं तिकडची. तीच तापी तिकडून वाहत इथे सुरतेला येते. रावेर, सावदा, निंभोरा भागातली केळी दूर दिल्लीपर्यंत जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उन्हात कापलेला घड तापलेला असतो आणि फळ जितकं गरम, तितकं ते लवकर पिकून सडतं. नासलेल्या केळीमागे पाणी, खत, वीज, डिझेल आणि भावाची वर्षाची मेहनत असते. त्यामुळे थंडी हवीच, पण जागेवर आणि वेळेवर हवी.

इथेच सगळे चुकतात. थंड गाडीचं यंत्र माल थंड करण्यासाठी नसतं, थंड असलेला माल तसाच ठेवण्यासाठी असतं. शेतातला तापलेला माल थेट गाडीत भरला, की ते यंत्र रात्रभर धापा टाकतं, डिझेल खातं आणि मधल्या खोक्यांतली केळी तरी गरमच राहते. आधी शेताजवळच्या पॅकहाउसमध्ये माल गार करून घ्यायला हवा. आणि केळीला थंडी लागते १३-१४ अंशांचीच. त्याखाली नेली तर साल काळी पडते, फळ नीट पिकत नाही. घरच्या फ्रीजमध्ये केळी ठेवणाऱ्या सुनांना सासवा रागावतात, त्यात विज्ञान आहे बरं का! जास्त थंडी म्हणजे चांगली साठवण, हा समज फार महाग पडतो.

याचं उत्तम उदाहरण रोज पहाटे आपल्या दारात येतं. सुरत जिल्ह्याचा सुमूल दूध संघ १९५१ पासूनचा. धारेचं दूध ३७ अंशांच्या आसपास असतं. ते गावातल्याच शीतकरण टाकीत ४ अंशांपर्यंत उतरवतात. पुढे ज्या टँकरने दूध जातं, त्यात बहुधा थंड करणारं यंत्रच नसतं! दोन पत्र्यांमध्ये जाड इन्सुलेशन, बस्स. सुरुवात नीट झाली, की वाटेत काही जाळावं लागत नाही.

आइस्क्रीमच्या काही गाड्यांतही अशीच युक्ती असते. रात्री विजेवर आतल्या प्लेटांमधलं मिठाचं पाणी गोठवायचं, दिवसभर त्याच थंडीवर फिरायचं. पुण्याच्या इकोझेन कंपनीने हेच शेतावर नेलं. त्यांची सौरऊर्जेवरची ५ टनांची शीतखोली उन्हाची थंडी करून साठवते, त्यामुळे रात्री बॅटऱ्यांवर भिस्त ठेवावी लागत नाही. किंमत लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलणारी नाही, हे मात्र सांगायला हवं. पाच-दहा जणांनी मिळून घेतली तरच जमतं, आणि आपल्या लोकांना मिळून काही घ्या म्हटलं की काय होतं, ते आम्ही सांगायला नको.

गॅसही बदलतो आहे. मोठ्या बटाटा-कोल्ड स्टोरेजमध्ये पूर्वीपासून अमोनिया आहे. त्याने हवा तापत नाही, पण तो विषारी, म्हणून माणूस जाणकार लागतो. घरच्या नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो. तो पेट घेणारा आहे, तेव्हा आमच्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका! (ही जाहिरात नाही.) आर-२२ आपल्या देशात २०३० पर्यंत बंद व्हायचा आहे. २०१६ च्या किगाली करारानुसार आर-४०४ए सारखे गॅसही २०३२ पासून पायरीपायरीने कमी करायचे आहेत.

आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं, की गॅस ओढून घेणारं मशीन आणि रिकामं सिलिंडर घेतलं. आता जुना गॅस हवेत जात नाही. गळती सापडल्याशिवाय भरणा करत नाही. त्यामुळे दोन तास जास्त जातात, गिऱ्हाईक कुरकुरतं, शेजारचा मिस्त्री अर्ध्या पैशांत अर्ध्या तासात भरून देतो. गेल्या वर्षी आमची तीन गिऱ्हाइकं तशी गेली. तुमच्या घरी, दुकानात मिस्त्री आला तर त्याला एवढंच विचारा, 'गळती कुठे होती ते दाखव.'

उद्या महाप्रसाद आहे. श्रीखंड आज रात्रीच गार करून डब्यांत भरलं जाईल, फ्रीझरच्या रबराला नवं गॅस्केट बसवलं आहे, आणि पंगत बसेपर्यंत झाकण उघडण्याचा अधिकार फक्त आमच्या आईला आहे. तिच्या समोर जाऊन 'जरा बघू' म्हणायची ज्याची हिंमत असेल, त्याने बघावं.